मायचा फोन आला की माझा आवाज बदलतो – घरातले पहिले कॉलेजवाले, इथं बोला

बालाघाटची
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायला बसले. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. माय आणि दादा (वडलांना आम्ही दादा म्हणतो) दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत. लहानपणी मी कधी त्यांच्याबरोबर कोपीवर (तोडीवरची झोपडी), कधी आजीजवळ, नंतर शाळेत हंगामी वसतिगृह चालू झालं तेव्हा तिथं. बीए तालुक्याच्या कॉलेजात केलं, तिथं काहीच वाटलं नाही कारण सगळ्या माझ्यासारख्याच होत्या. आता पुण्यात एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

विषय असा आहे की पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रूमवर म्हणलं, "मी मेसला जायलेय, कोण यायलंय का?" (जायलेय म्हणजे जातेय.) तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "जायलेय म्हणजे जाऊन आलीस का जाणार आहेस?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं, पण त्या दिवसापासून मी बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायला लागले. पाणी, लोणी, आणि, कोण, सगळे ण तपासून. वर्गात काही विचारायचं असलं तरी वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे, वहीच्या मागच्या पानावर असे न विचारलेले प्रश्न लिहून ठेवलेत ते अजून आहेत.

सहा महिन्यांत मी शिकले. आता मला कुणी ओळखत नाही की ही कुठली. पण मायचा फोन आला की मी उठून जिन्यात जाते, कारण तिच्याशी मी तिच्यासारखंच बोलते आणि ते रूममध्ये ऐकू जाऊ नये असं वाटतं. आणि मागच्या दिवाळीला गावी गेले तर उलटंच झालं, चुलत बहिणीला म्हणलं "करतेय ना मी" तर ती लगेच "लय पुण्याची झालीस". ते मी सोडून दिलं. पण माय माझ्यासमोर शब्द जपून बोलायला लागली. पाव्हण्यासमोर बोलतात ना, तसं. "चहा घेतीस का" विचारलं तिनं मला, माझ्या घरात. हे सगळ्यात जास्त लागलं.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का आणि तुम्ही काय केलंत? कॉन्फिडन्स वाढव असं कृपया सांगू नका, ते ऐकून झालंय.

पूसकाठचा
ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला, इंजिनिअरिंग केलं पुण्यातच, आता नोकरीला आहे. आमच्याकडं 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो', 'काऊन' (का म्हणून) हे सगळं चालतं. पहिल्या वर्षी मी जवळपास बोललोच नाही. माझं अर्धं दुखणं इंग्रजीचं होतं, बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं, आणि एकदम सगळे शब्द बदलले. 'त्वरण' मला येत होतं, ॲक्सिलरेशन म्हणजे तेच हे कळायला वेळ गेला आणि तोपर्यंत मला वाटत राहिलं की मलाच फिजिक्स येत नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. आपण घरातले पहिले असलो की अख्ख्या घराचं, कधी कधी अख्ख्या वाडीचं ऑफिस आपल्या फोनमध्ये येतं. पीकविमा भरायचाय, पीएम किसानची केवायसी, काकाचा सातबारा, आतेभावाचा महाडीबीटीचा फॉर्म, कुणाचं आधार बँकेला लिंक नाही म्हणून स्कॉलरशिप अडकली. लेक्चर चालू असताना बाबांचा फोन यायचा, ओटीपी आला तो सांगायला, आणि तो दहा मिनिटांत संपतो म्हणून उचलावाच लागायचा. वर्गातल्या कुणाला असे फोन येत नव्हते. त्यांचे आईवडील त्यांचे फॉर्म भरायचे, मी आईवडलांचे भरायचो. तेव्हा चिडचिड व्हायची. आता वाटतं की घराशी माझा धागा तुटला नाही तो त्या फोनांमुळंच. बाबांना माझा सिलॅबस कळत नव्हता पण माझ्याकडं काम होतं त्यांचं, आणि काम असलं की बोलणं होतं.

कर्वेरोड
मी पुण्यातच वाढले, घरात सगळे शिकलेले, तेव्हा मी बोलावं की नाही असा प्रश्न पडला होता. तरी दोन गोष्टी लिहिते, चुकलं तर सांगा.

एक, त्या रूममेटसारखं मीही कॉलेजात असताना कुणाला तरी विचारलेलं असणार, आणि मला आठवतही नाही. हे वाचून वाईट वाटलं. दोन, प्रमाण भाषा शिकण्यात कमीपणा काय आहे? पुढे मुलाखती आहेत, प्रबंध लिहायचे आहेत. माझे आजोबा कोकणातून पुण्यात आले, वार लावून जेवून शिकले, त्यांनीही घरची बोली सोडलीच की. प्रत्येक पिढी काहीतरी सोडून पुढं जाते असं मला वाटतं.

नागसेनवन
@कर्वेरोड, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही तसंच लिहितो. तुमच्या आजोबांचे कष्ट खरेच आहेत. पण वार लावून जेवायला आठवड्याची सात घरं लागायची, आणि ती घरं पोराची जात बघून दार उघडायची. ज्याला पुण्यात असं एकही घर नव्हतं त्याच्यासाठी बोर्डिंगं काढावी लागली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेक बोर्डिंग उभं केलं, मराठा, जैन, मुस्लीम, लिंगायत, आणि १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहणारे विद्यार्थी. ते या मिस क्लार्कच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नाही म्हणाले, म्हणून त्यांना बोर्डिंगातून काढलं. म्हणजे शिकायला आलेल्या पोराचं 'आपलं कोण' हे ठरवायचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पण ताटापाशीच येऊन थांबत होता.

माझे वडील मिलिंद महाविद्यालयात शिकले, बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला काढलेलं. वडील गावाकडून पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. ते सांगायचे की नागसेनवनात, म्हणजे कॉलेजच्या त्या परिसरात, आम्हाला कधी आवाज बदलावा लागला नाही, कारण तिथं सगळ्यांचेच बाप मजूर, सालगडी, सगळेच पहिले. मी त्याच शहरात वाढलो आणि शिकायला मुंबईला गेलो, तिथं मला खोली बघताना पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून कळलं नाही की गाव, गावावरून नाही कळलं की "तिकडं कुठं राहता". एका ठिकाणी फोनवर खोली रिकामी होती, संध्याकाळी आडनाव सांगितल्यावर ती भरली. तेव्हा बालाघाटची, तुझी भाषा सहा महिन्यांत बदलली आणि आता कुणी ओळखत नाही म्हणतेस, ते मी समजू शकतो. पण काहींच्या बाबतीत बदलून भागत नाही. मी उत्तम प्रमाण मराठी बोलतो, घरीच शिकलो. खोली तरी मिळाली नाही.

कर्वेरोड
वार लावण्याची गोष्ट घरात नेहमी अभिमानानं सांगितली जाते. ती घरं इतरांना बंद होती हे कधी कुणी पुढचं वाक्य म्हणून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लिहिलंत ते बरं झालं.

सातपुडा_४
मी धडगाव तालुक्यातला, पावरा. तुम्ही सगळे बोलीबद्दल बोलताय, माझी तर भाषाच वेगळी. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो, घरी पावरीच. म्हणजे प्रमाण मराठी, खानदेशातली मराठी, इंग्रजी, हिंदी सगळ्याच माझ्यासाठी बाहेरच्या, त्यामुळं ण चुकला तरी मला त्याचं तेवढं वाटत नाही, चुकणारच. मला त्रास वेगळा होतो. नाशिकला मी आदिवासी आहे कळलं की कुणीतरी तारपा नाचून दाखव म्हणतं. तारपा वारल्यांचा, तो पालघरकडं. आमचा ढोल वेगळा. सगळे आदिवासी एकच असं धरून चालतात.

आणि होळी. कॉलेजला सुट्टी एक दिवस. आमच्याकडं होळी म्हणजे आधीपासून भोंगऱ्याचे बाजार, मग काठी गावची राजवाडी होळी, मग एकेका गावाची वेगवेगळ्या दिवशी. पोरं कमरेला घुंगरू, डोक्याला मोरपिसाचा टोप घालून रात्रभर नाचतात, नवस केलेले असतात. परदेशात मजुरीला गेलेला, म्हणजे आमच्याकडं गुजरातला गेलेला माणूस पण होळीला येतोच. मी दोन वर्षं गेलो नाही, एकदा इंटर्नल परीक्षा, एकदा प्रॅक्टिकल. तिसऱ्या वर्षी सरांना जाऊन सरळ सांगितलं की दिवाळी तुम्ही माझी घ्या पण होळीला मला आठ दिवस द्या. सरांनी प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचला लावून दिलं. इतकं सोपं होतं ते. मी दोन वर्षं विचारलंच नाही कारण मला वाटत होतं की हे विचारायची गोष्ट नाही.

वडाची_पारंबी
वय वर्षं बहात्तर, मोबाईलवर टाइप करतो आहे, चुका समजून घ्या.

मी साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका'मध्ये शिकलो. वडील मेंढरं राखायचे. संस्था अण्णांनी, म्हणजे कर्मवीर भाऊरावांनी, १९१९ ला काले गावी काढली, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं, त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव १९२७ ला गांधीजींच्या हस्ते मिळालं. पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा, हे आम्हाला पाठच असायचं. आम्ही आलो तेव्हा अण्णा नव्हते, पण पद्धत तीच. पहाटे शेतात काम, मग कॉलेज, संध्याकाळी कुणी भाकऱ्या थापायचं, कुणी भाजी निवडायचं. भाकरी थापायची पाळी सगळ्यांची. माझ्या खोलीत एक कोष्टी, एक मांग, एक माण देशातला मराठा आणि मी धनगर. तिघांची बोली तीन तऱ्हेची. पण भाकरी करपली की शिव्या सारख्याच पडायच्या.

पोरी, तुझं वाचून मला एवढंच जाणवलं की आमच्या वेळी आपलेपणा वाटावा ही जबाबदारी पोरावर एकट्यावर नव्हती, संस्थेनं त्याची सोय केली होती. कामात आणि पंगतीत. आता पोराला खोली मिळते, मेसचं कूपन मिळतं आणि बाकीचं त्याचं त्यानं बघायचं. चार जणी एका खोलीत झोपता पण एकत्र काही राबत नाही. तुझ्या रूममेटनं तुझ्याबरोबर चार दिवस भाकरी थापली असती तर 'जायलेय' तिला आपोआप कळलं असतं.

पूसकाठचा
काका, आमच्या कॉलेजात पण कमवा व शिका होतं, मी लायब्ररीत पुस्तकं लावायचो. पण तिथं सगळे गरजूच, बाकीची पोरं नव्हती. मग त्याचीच एक ओळख झाली, 'कमवावाला'. तुमच्यासारखं सगळ्यांना असतं तर गोष्ट वेगळी.

तासिका
मी मराठवाड्यात एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते, स्वतः घरातली पहिली पदवीधर. वर्गातून दिसतं ते सांगते.

पहिल्या पिढीतलं पोरगं वर्गात येतं तेव्हा पहिले काही महिने ते अभ्यास करतच नाही, कागद करतं. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, डोमिसाइल, सेतू, तहसील, बँक. ज्यांच्या घरी हे कुणी आधी केलेलं असतं त्यांची फाइल तयार असते, ह्यांना प्रत्येक कागदाचं नावच पहिल्यांदा ऐकायला मिळतं. त्या काळात ते वर्गात नसतं, आणि आम्ही शिक्षक हजेरीपटावर लाल शेरा मारून 'अनियमित' ठरवतो. मी पण मारलेत, आता मी पहिल्या महिन्यात आधी विचारते की कुठला कागद अडलाय. शासकीय वसतिगृहात नंबर नाही लागला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना, मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला २०२४ पासून माफ. हे वर्गात मोठ्यानं सांगायला लागते मी, कारण स्टाफरूमबाहेरच्या बोर्डावर लावलेलं कुणी वाचत नाही आणि वाचलं तरी ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. पैसे उशिरा येतात ही गोष्ट वेगळी आणि ती खरी आहे, तोवर पोरं मेस सोडून वडापाववर काढतात.

बालाघाटची, तू पाव्हण्याचं लिहिलंस ते मनात राहिलं. घरी मायनं तुला पाव्हणी केलं आणि विद्यापीठात तू स्वतःच पाव्हण्यासारखी राहिलीस, कुणाला आवाजाचा त्रास नको म्हणून जिन्यात. जोतीराव फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात हाच मुद्दा होता, की सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि उच्च शिक्षणाचा फायदा मात्र वरच्या वर्गांना मिळतो. तुझ्या मायनं तोडलेल्या उसाच्या साखरेवर पण कर आहे बाई. तू कुणाच्या घरी आलेली नाहीस.

बालाघाटची
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. सातपुडा दादा, तुमचं 'इतकं सोपं होतं ते' वाचून मी बराच वेळ तशीच बसले.

कर्वेरोड ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रमाण भाषा शिकायला माझी ना नाही, प्रबंध मी त्यातच लिहिणार आणि चांगला लिहिणार. माझं म्हणणं एवढंच की शिकणं वेगळं आणि लपवणं वेगळं. तुमच्या शेजारी नवीन मुलगी आली आणि तिचा शब्द कळला नाही तर विचारा, जरूर विचारा, फक्त चार जणींच्या मध्ये नका विचारू, आणि ऐकून झाल्यावर तुमचा एखादा शब्द तिला सांगा. नाहीतर परीक्षा एकटीचीच होते.

आता एक सांगायचं राहिलंच होतं. मागच्या सेमिस्टरला आम्हाला छोटा प्रोजेक्ट होता, कुठल्याही व्यवसायाची शब्दसंपत्ती गोळा करा असा. मी आधी कुंभारकामाचा विषय घेतला होता, पुस्तकं मिळतात म्हणून. मग मॅडमनी विचारलं की तुझ्या घरी काय काम करतात. मी "शेती" म्हणलं. फॉर्मवर पण तेच लिहिते मी नेहमी. त्या थांबून राहिल्या. मग मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुझ्याकडं तर सगळं आहे, तू दुसरीकडं काय शोधतेस.

त्या रात्री मी मायला फोन केला आणि म्हणलं मला तुझे कामाचे शब्द सांग. तिला पहिल्यांदा पटेना, "ह्ये काय शिकायचं असतंय व्हय" म्हणाली. मग सांगायला लागली ते एक तास. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मला माहीत होतं. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, मुकादम म्हणजे टोळी नेणारा, मग फड, मोळी, पाचट, टायरगाडी, खाडा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय कसा टाकायचा त्याला पण शब्द आहे तिच्याकडं. मधेच दादांनी फोन घेतला आणि म्हणले तिचं चुकलं, हे असं नाही म्हणत आपल्याकडं, ते पलीकडच्या तालुक्यातले म्हणतात. दोघांचं भांडण लागलं शब्दावरून. मी लिहून घेत होते. एकशे चाळीसच्या वर शब्द झाले. आणि तो फोन मी रूममध्येच बसून केला, कारण वही मांडीवर होती आणि जिन्यात दिवा नव्हता. मधे एकदा रूममेट म्हणाली स्पीकरवर टाक की. टाकला.

पूसकाठचा
भारी. त्यातला खाडा कळला, कामावर न गेलेला दिवस, आमच्याकडं पण म्हणतात. तू इथं लिहिला नाहीस असा एखादा शब्द सांग, ज्याच्यासाठी प्रमाण भाषेत शब्दच नाही असा.

बालाघाटची
वाढं. उसाचा वरचा हिरवा शेंडा, तोडताना तो वेगळा काढतात, जनावरांना घालतात. त्याच्या पेंढ्या बांधून गावातल्या लोकांना विकायच्या, रात्री फडावरून आल्यावर स्वयंपाकाच्या आधी. तोडीचे पैसे उचलीत जातात, मुकादमाच्या वहीत वळते होतात, ते हातात दिसत नाहीत. वाढ्याचे पैसे रोख, आणि ते बाईचे असतात, आमच्या टोळीत तरी तसंच आहे. माय ते पदराच्या गाठीत बांधते. माझी एमएची पहिली फी त्यातली.

प्रोजेक्टमध्ये या शब्दापुढं मी अर्थ लिहिला, 'उसाचा शेंडा, चारा म्हणून उपयोग'. फीचं नव्हतं लिहिलं. फायनल प्रत द्यायची आहे अजून, त्यात घालते.